आपल्या देहाची मुखत्यारी

शस्त्रक्रियेपूर्वी इस्पितळात जो संमतिपत्राचा कागद पुढे केला जातो, तो बहुतेकांच्या लेखी दाखल होण्याच्या सोपस्कारांपैकी एक असतो. अनामत भरावी, रक्ताचा नमुना द्यावा आणि त्याच ओघात त्या कागदावरही सही करून मोकळे व्हावे, एवढेच त्याचे महत्त्व. वास्तविक, एका सज्ञान माणसाने दुसऱ्याला आपल्या देहावर शस्त्र चालवण्याची मुभा द्यावी, याहून गंभीर व्यवहार नागरी जीवनात क्वचितच घडत असेल. गुंठाभर जमीन विकताना जो समाज सातबारा, फेरफार, साक्षीदार आणि दुय्यम निबंधकासमोरची हजेरी यांवाचून एक पाऊल टाकत नाही, त्याच समाजात एका स्त्रीच्या गर्भाशयाचा निकाल तिच्या नवऱ्याच्या, सासऱ्याच्या किंवा भावाच्या सहीने, ती शेजारच्या बाकावर शुद्धीत बसलेली असताना लागतो, आणि त्यात काही वावगे घडले असे तेथे हजर असलेल्यांपैकी कोणालाच वाटत नाही.

हे दृश्य पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. जिल्ह्याच्या गावातील एखाद्या मध्यम इस्पितळात सकाळच्या वेळी तासभर थांबावे. तपासणीच्या खोलीतून बाई बाहेर येते, पदर सावरीत बाकावर टेकते, आणि तिच्या मागोमाग आलेली परिचारिका तिच्याकडे न पाहता जमलेल्या माणसांना विचारते, ‘पेशंटबरोबर कोण आहे? मिस्टरांना आत पाठवा.’ मिस्टर आत जातात. रोग काय आहे, औषधाने तो आटोक्यात येईल काय, शस्त्रक्रिया आजच करावी की सहा महिने वाट पाहता येईल, ती केल्याने पुढे काय भोगावे लागेल, या साऱ्याचा जो काही ऊहापोह व्हायचा तो आत, दोन पुरुषांमध्ये, पाच मिनिटांत होतो. आणि बाहेर येऊन तो नवरा तिला सांगतो तेव्हा निदान, पर्याय आणि धोके हे सारे गळून जाऊन एकच वाक्य शिल्लक राहते, ‘पिशवी काढायला सांगितलीय, परवा बोलावलंय.’ नंतर छापील कागद येतो. तो बहुधा इंग्रजीत असतो, रोगाच्या नावाची जागा कोरी असते, आणि ‘नातेवाइकाची सही व नाते’ ही ओळ तिच्या सहीच्या ओळीइतकीच ठळक असते. तिची सही किंवा अंगठा घेतला जातो खरा. पण तो सर्वांत शेवटी, सगळे ठरून गेल्यावर.

या बाबतीत आपला कायदा मुका आहे असे मुळीच नाही. दिल्लीतील ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री १९९५ साली अतिरक्तस्रावाची तक्रार घेऊन एका खासगी चिकित्सालयात गेली. दुर्बिणीतून तपासणी करण्यास तिने संमती दिली. ती भुलीच्या अमलाखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या वृद्ध आईची सही घेण्यात आली, आणि तिचे गर्भाशय व बीजकोश काढून टाकण्यात आले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जानेवारी २००८ मध्ये न्यायालयाने निर्वाळा दिला, की रुग्ण सज्ञान आहे, तिची बुद्धी शाबूत आहे आणि प्राणावर बेतलेला प्रसंगही नाही, अशा स्थितीत आईच्या संमतीला काही किंमत नाही. तपासणीची संमती ही उपचाराची संमती होत नाही. आणि उपचाराचे स्वरूप, त्याचे धोके, त्याला असलेले पर्याय व उपचार नाकारल्यास होणारा परिणाम हे रुग्णाला पुरेसे समजावून दिल्याखेरीज घेतलेली संमती ग्राह्य धरता येत नाही. वैद्यकीय गर्भपाताचा १९७१ चा कायदा तर अधिकच निःसंदिग्ध आहे: सज्ञान स्त्रीच्या गर्भपातासाठी तिच्या एकटीच्या संमतीवाचून दुसऱ्या कोणाच्याही संमतीची आवश्यकता नाही. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी केंद्र शासनाने घालून दिलेल्या नियमांतही जोडीदाराच्या सहीची अट नाही. असे असताना गर्भपातासाठी एकट्या गेलेल्या विवाहितेला ‘मिस्टरांना घेऊन या’ म्हणून परत पाठवले जाते, आणि नवऱ्याची सही मागणे हा कायद्याचाच भाग आहे अशी डॉक्टर, परिचारिका आणि खुद्द ती बाई या तिघांचीही प्रामाणिक समजूत असते. गर्भपाताच्या कायद्यातही एक उणीव राहून गेली आहे, तीही येथे नोंदली पाहिजे. २०२१ च्या दुरुस्तीने काही प्रकारच्या स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही त्या मुदतीचा लाभ खुला केला, ही दोन्ही पावले स्वागतार्ह होत. तरी त्या कायद्याच्या रचनेत अखेरचा शब्द अद्यापि नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीच्या मताचा आहे. स्त्री संमती देते, ठरवतो दुसराच.

तेव्हा अधिकार कागदावर बव्हंशी मिळालेला आहे, आणि तरीही तो अमलात येत नाही, याचा उलगडा केवळ इस्पितळाच्या खिडकीपाशी होणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत असे आढळले, की बाजार, दवाखाना आणि गावाबाहेरचे ठिकाण या तिन्ही जागी एकटीने जाण्याची मोकळीक असलेल्या स्त्रिया देशात ४२ टक्केच आहेत. जिला दवाखान्याच्या पायरीपर्यंत जाण्यासाठी सोबत आणि परवानगी लागते, जिच्या हाती रिक्षाचे पैसेही दुसऱ्याने ठेवावे लागतात, तिला आत गेल्यावर अकस्मात आपल्या देहाची मुखत्यारी प्राप्त होईल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. ही मुखत्यारी कोठे कोठे आणि कशी हिरावली जाते हे पाहायचे असेल, तर बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची हकिकत सावकाशीने वाचली पाहिजे. महाराष्ट्राने ती २०१९ साली एकदा वाचली, हळहळ व्यक्त केली, आणि बाजूला ठेवली, असे मला राहून राहून वाटते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर पट्ट्यात उतरतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून जे जोडपे फडात जाते, त्याला हिशेबात एक कोयता म्हणतात. उचल नवऱ्याच्या नावावर, अंगठा नवऱ्याचा, हिशेब नवऱ्याशी. बाईचे श्रम त्या एका कोयत्यात गृहीत धरलेले. पहाटेच्या अंधारात उठून भाकऱ्या बडवायच्या, पुरुषाने तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत वाहायच्या, रात्री-अपरात्री गाडी भरायला आली तर पुन्हा उठायचे, आणि परत यायचे ते पाचटाच्या कोपीत, जिच्या आसपास न्हाणीघर नाही, शौचालय नाही, पाळीच्या दिवसांत धुण्यापुरते स्वच्छ पाणीही नाही. एक दिवस काम बुडाले की खाडा पडतो, आणि खाड्यापोटी पाचशे रुपये, कित्येकदा त्याहून अधिक, जोडप्याच्या उचलीत वाढतात. ज्या बाईला महिन्यातून तीन दिवस ओटीपोट धरून बसावे लागते, तिची पाळी ही अशा रीतीने त्या घराच्या कर्जाची एक बाब होऊन बसते.

कोवळ्या वयात लग्न, विशीच्या आत दोन-तीन बाळंतपणे, त्यावर हे ओझे आणि ही अस्वच्छता. परिणामी अंगावरून जाणे, कंबरदुखी, जंतुसंसर्ग हे ठरलेलेच. हंगाम संपवून गावी परतल्यावर ती तालुक्याच्या खासगी दवाखान्यात जाते, कारण सरकारी दवाखाना दूर असतो किंवा तेथे स्त्रीरोगतज्ज्ञाची जागा रिकामी असते. जेथे प्रतिजैविकांनी, लोहाच्या गोळ्यांनी आणि काही महिन्यांच्या देखरेखीने भागण्यासारखे असते, तेथेही तिला सांगितले जाते, की पिशवीला सूज आहे, पुढे कर्करोग होईल, तुला मुले झाली आहेत, आता पिशवीचा उपयोग तरी काय? राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या चौकशीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांतील १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा जणींमागे एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरांत तिनाच्या आसपास आहे. पाहणीतील वयोगट अगदी तंतोतंत सारखे नसतील हे मान्य करूनही ही तफावत सहज उडवून लावण्यासारखी नाही. तिशीत, कधी त्याही आधी, गर्भाशय आणि त्यासोबत बीजकोशही गमावलेल्या स्त्रीची हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, अंगाची आग होते, झोप उडते. आणि ज्या पाठीच्या बळावर मोळी उचलायची ती पाठच आधी जाते. खाडा वाचवण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया पाच-सात वर्षांत तिला कोयत्यातूनच बाद करते, आणि शस्त्रक्रियेसाठी काढलेली जादा उचल तोवर फिटलेली नसते.

आता या सर्व प्रकरणात सर्वांत दुखरी बाब अशी, की यांतील अनेक स्त्रियांनी शस्त्रक्रियेला स्वतःहून होकार दिलेला होता, काहींनी तर ती आपणहून मागितली होती. डॉक्टर हेच पुढे करतात, मुकादम तर ‘आम्ही कोणाला सांगायला गेलो नव्हतो’ म्हणून हात झटकतो, आणि दप्तरी पाहिले तर प्रत्येकीचा अंगठा संमतिपत्रावर आहेच. कागदोपत्री कोणाचेही काही चुकलेले नाही. परंतु त्या होकारामागची कैफियत ऐकली, तर लक्षात येते की तिला विचारले गेले ते दुसरा कोणताही मार्ग शिल्लक नव्हता तेव्हा. पाळीच्या दिवसांत खाडा माफ होईल काय, कोपीजवळ पाणी मिळेल काय, फडावर महिन्यातून एकदा परिचारिका येईल काय, उचल माझ्याही नावावर मिळेल काय, हे प्रश्न तिला कोणी विचारले नाहीत, आणि तिने विचारले असते तर ते ऐकून घेणारे कोणी नव्हते. आरोग्यातील निर्णयाधिकार म्हणतात तो डॉक्टरच्या टेबलावर कागद येण्याच्या कितीतरी आधी, असल्या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नांच्या जागी, मिळतो किंवा जातो. तेथे तो गेला की टेबलावरची सही कितीही काटेकोरपणे घेतली, तरी ती आधीच झालेल्या निकालाची नक्कल ठरते.

बीडच्या बोभाट्यानंतर शासनाने तजवीज केली ती अशी, की त्या जिल्ह्यात खासगी इस्पितळाने गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घ्यावी. अनावश्यक शस्त्रक्रियांना त्यामुळे आळा बसला तर तो हवाच आहे, आणि या उपायामागील हेतूबद्दल मला शंका नाही. तथापि त्याची दिशा नीट पाहावी. स्त्रीच्या वतीने पूर्वी नवरा, मुकादम आणि खासगी डॉक्टर ठरवीत होते. त्यांच्यावर देखरेख ठेवण्यासाठी आता आणखी एक अधिकारी बसवला गेला. परवानगी मागणारा डॉक्टर, देणारा शल्यचिकित्सक. ती स्वतः या पत्रव्यवहारात कोठेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील अशाच तक्रारींवर निकाल देताना, केंद्राने २०२२ साली तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत असा हुकूम केला. देखरेख समित्या, नोंदी, लेखापरीक्षण ही सारी यंत्रणा आवश्यक आहे. तिच्या जोडीला त्या स्त्रीला एकांतात बसवून, तिच्या बोलीत, तिच्या शंका संपेपर्यंत समजावून सांगणारे एक माणूस नेमले गेले पाहिजे, आणि त्या माणसाची नोंद शल्यचिकित्सकाच्या परवानगीइतकीच बंधनकारक ठरली पाहिजे.

हे अशक्यप्राय आहे असे म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांत ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले, आणि पूर्वी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे तिचे गरोदरपण, बाळंतपण आणि त्यानंतरची नसबंदी एवढ्यापुरताच शासनाचा हिशेब होता. या तिहींच्या मधल्या वर्षांत ती काय सोसते हे त्या हिशेबात धरलेच नव्हते. तिचे दुखणे मुके होते ते तिला बोलता येत नव्हते म्हणून नव्हे. गावात जाऊन, दार लावून, विश्वासाने विचारणारी स्त्री डॉक्टर तोवर तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

कुटुंबनियोजनाचा इतिहासही हेच सांगतो, आणि त्यात मराठी माणसाला अभिमान व खंत दोन्ही वाटावे असे पुष्कळ आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, आणि त्यापायी नोकरी, प्रतिष्ठा व शांतता यांवर पाणी सोडले. त्यांच्या विचाराचा गाभा असा होता, की आपल्याला मूल हवे की नको हे स्त्रीने ठरवावे. पुढे शासनाने तीच साधने हाती घेतली तेव्हा हा गाभा निसटला आणि उद्दिष्टांचे आकडे तेवढे उरले. आणीबाणीत पुरुषांवर सक्तीच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यातून उसळलेल्या संतापाने सरकार पडले, आणि त्यानंतर प्रत्येक राजवटीने त्यातून धडा घेतला तो असा, की पुरुषाला हात लावायचा नाही. पुरुषांची नसबंदी अधिक सोपी, पोट न उघडता होणारी आणि अधिक निर्धोक असूनही, २०१९-२१ च्या पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांनी स्वतःची शस्त्रक्रिया केलेली होती, तर पुरुष नसबंदीचा आकडा होता ०.३ टक्के. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडातील बिलासपूरजवळच्या शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकल्या आणि त्यांतील दहाहून अधिक दगावल्या. असली शिबिरे तीन वर्षांत बंद करा असे सर्वोच्च न्यायालयाला २०१६ साली सांगावे लागले. ओळीने चटईवर निजवलेल्या त्या बायकांना लूप, गोळ्या किंवा नवऱ्याची शस्त्रक्रिया असेही पर्याय आहेत हे त्या गर्दीत कोण, केव्हा सांगणार होते?

एक आक्षेप येथे अनेक सुबुद्ध माणसे घेतात, आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. ते म्हणतात, आपल्याकडे कुटुंब हेच निर्णयाचे एकक आहे. नवराही शस्त्रक्रियेपूर्वी बायकोला विचारतो. आजारी माणसाच्या एकट्याच्या शिरावर निर्णय टाकणे ही निष्ठुरता होईल. आणि शिवाय ती बाईच म्हणते, की यांना विचारा. या म्हणण्यात तथ्य आहे. जिवावरच्या दुखण्यात माणसाला माणूस लागते, आणि जिला नवऱ्याशी, मुलीशी, बहिणीशी सल्लामसलत करून ठरवायचे आहे तिला तसे करण्याची पूर्ण मोकळीक हवी. प्रश्न सल्ल्याचा नाही, क्रमाचा आहे. नवऱ्याच्या हर्नियाच्या वेळी डॉक्टर त्याला बाहेर बसवून त्याच्या बायकोला आत बोलावीत नाहीत. आधी तिला सर्व सांगावे. मग कोणाला विचारायचे, कोणाला सांगायचे आणि कोणाला सांगायचे नाही हे तिने ठरवावे. मारझोड करणाऱ्या नवऱ्यापासून गर्भनिरोधकाची गोष्ट लपवावी लागणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत, आधी नवऱ्याला सांगण्याचा हा शिरस्ता तिच्या जिवावर बेतू शकतो, हे इस्पितळांनी विसरू नये.

आणि हे सारे बदलण्याची सूत्रे ज्यांच्या हाती आहेत त्यांत स्त्रिया किती, हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगातील आरोग्यसेवेत राबणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रिया आहेत, आणि वरिष्ठ पदांवर त्या सुमारे २५ टक्केच आहेत. स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात असे पंडिता रमाबाईंनी १८८२ साली हंटर आयोगापुढील साक्षीत सांगितले. आनंदीबाई जोशी १८८६ साली वैद्यकीय पदवीधर झाल्या आणि पुढच्याच वर्षी निवर्तल्या. बालपणी लावलेला विवाह आपल्याला मान्य नाही म्हणून १८८७ साली न्यायालयाने सुनावलेल्या कारावासाला सामोरे जाण्याची सिद्धता दाखवणाऱ्या रखमाबाई पुढे डॉक्टर होऊन सुरतेत कित्येक वर्षे रुग्णसेवा करीत राहिल्या. आपल्या देहाबद्दल मी ठरवीन हे न्यायालयात सांगणारी स्त्री आणि रुग्णाच्या उशाशी बसणारी डॉक्टर या दोघी महाराष्ट्रात एकाच व्यक्तीत दिसल्या, याला आता सव्वाशे वर्षे उलटून गेली. आणि आज गावातील प्रत्येक गरोदर बाईची, प्रत्येक तापाची, प्रत्येक लसीची खबर ठेवणारी आशा कार्यकर्ती शासनदप्तरी अद्यापि स्वयंसेविका आहे, तिला वेतन नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे, आणि त्यासाठीही तिला मुंबईच्या मैदानात जाऊन बसावे लागते. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची पिशवी कोणाच्या दवाखान्यात, कोणाच्या सांगण्यावरून निघाली हे तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या आधी त्या आशाताईला ठाऊक असते. ते लिहून ठेवण्याचा आणि त्यावर जाब मागण्याचा अधिकार मात्र तिला दिलेला नाही.

म्हणून माझे मागणे अगदी व्यवहारी आहे. प्रत्येक इस्पितळातील संमतिपत्र मराठीत असावे, त्यातील नातेवाइकाच्या सहीची ओळ सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या बाबतीत काढून टाकावी, आणि तातडीच्या नसलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी स्त्रीशी एकटीशी बोलल्याची नोंद, बोलणाऱ्या परिचारिकेच्या नावानिशी, त्यावर असावी. गर्भाशय काढण्याची परवानगी देणाऱ्या जिल्हा शल्यचिकित्सकाने अर्जासोबत ती नोंद मागावी, आणि गावच्या आशेचा दाखलाही मागावा. आणि साखर कारखान्यांचे गाळप सुरू होण्यापूर्वी, गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने कोयत्याच्या नोंदवहीत बाईचे नाव स्वतंत्र लिहून घ्यावे, तिच्या वाट्याची उचल तिच्या खात्यावर जमा करण्याची अट मुकादमांवर घालावी, आणि पाळीच्या व आजारपणाच्या दिवसांचा खाडा कापता येणार नाही असा लेखी आदेश प्रत्येक कारखान्याच्या गटकार्यालयात लावून घ्यावा.